अंतरपाटापलीकडचे डोळे

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरकला आणि नवरदेवाच्या हातातला हार खाली पडला.

उंद्रीच्या मांडवात कुजबुज सुरू झाली. उद्धव बोहल्यावर चढल्यापासून झुलतच होता. त्याच्या मामांनी, किसनरावांनी, त्याला मागून धरून ठेवलं होतं. नवरीच्या वडिलांना, भागवतरावांना, आता शंकाच उरली नाही. पोरगा पिऊन आलाय, चार माणसांत आपलं नाक कापलं गेलं, लग्न इथंच थांबवा, असं ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

निशिगंधानं मात्र नजर हलवली नाही. ती बुलडाण्याला एका दवाखान्यात नर्स होती आणि असे डोळे तिनं पूर्वी पाहिले होते. मांडवाच्या सावलीतसुद्धा उद्धवच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. श्वास इतका संथ, की मधेच थांबल्यासारखा वाटे. दारूनं असं होत नाही, अफूच्या जातीच्या औषधानं होतं. नवरीनं लाजायचं असतं हे ती साफ विसरली आणि त्याचे खांदे हलवून तिनं विचारलं, काय खाल्लं? तो जेमतेम पुटपुटला, "गोळ्या... पोटाच्या."

जुलाब थांबवायच्या गोळ्याही त्याच जातीच्या, फार झाल्या तर श्वासच थांबवतात, हे तिला ठाऊक होतं. मग तिनं गुरुजींच्या हातातला माईकच घेतला. "याहिले जुलाब बंद कराच्या गोळ्या कोणं कोणं देल्या? हात वर करा. लाजू नका, जीवावर बेतून राह्यलं."

आधी नवरदेवाच्या आईचा, कोकिळाबाईंचा, हात वर गेला. मग करवलीचा, दीपमालेचा. मग दोन मित्रांचे आणि शेवटी खाली मान घालून किसनरावांचा. हळदीचं जेवण उद्धवला बाधलं होतं. नवरदेव बोहल्यावरून उठून पळाला तर गावभर हसं होईल, म्हणून प्रत्येकानं त्याला गुपचूप गोळ्या चारल्या होत्या. फरक पडेना म्हणून पुन्हा चारल्या. मामांनी तर अख्खं पाकीटच संपवलं होतं. मुलीकडच्यांपासून लपवताना या शहाण्यांनी एकमेकांनाही काही सांगितलं नव्हतं.

कोणीतरी उलटी करवायला मिठाचं पाणी घेऊन धावलं. निशिगंधानं तांब्या दूर सारला. गुंगीतल्या माणसाच्या घशात पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. तिनं त्याला कुशीवर वळवलं, रिकामी पाकिटं मागून घेतली आणि चिखलीच्या दवाखान्यात फोन करायला लावला. मांडवाच्या दाराशी उभी होती ती भागवतरावांचीच बोलेरो. मघाचा राग गिळून ते स्टिअरिंगवर बसले.

मागच्या सीटवर निशिगंधा त्याला सारखी हाका मारत होती. अर्ध्या वाटेत त्याची छाती हलेनाशी झाली. ओठ निळे पडू लागले. मुंडावळ्या बाजूला करून ती वाकली, त्याचं नाक दाबलं आणि त्याच्या तोंडात आपला श्वास भरू लागली. भागवतरावांनी आरशात पाहिलं आणि चटकन नजर रस्त्यावर वळवली. पाय मात्र त्यांनी ॲक्सिलरेटरवरून काढला नाही.

चिखलीला डॉक्टर तयारच होते. त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात उद्धवनं खोल श्वास घेतला, डोळे उघडले आणि समोर नवरी पाहून आधी डोक्यावरचा फेटा चाचपला. निशिगंधाला हसूही आलं आणि रडूही. इंजेक्शनचा जोर गोळ्यांच्या आधी ओसरतो, हृदयावरही लक्ष ठेवावं लागेल, म्हणून आज त्याला इथंच राहू द्या, असं डॉक्टर म्हणाले. पण गडी वाचला होता. बाहेर किसनराव भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले आणि कोकिळाबाईंनी सुनेला असं कवटाळलं, की सोडायलाच तयार होईनात.

मागून आलेल्या वऱ्हाडात मात्र वेगळीच चर्चा चालली होती. हार घातले गेले नाहीत, मुहूर्त टळला, हा शकुन काही बरा नाही. भागवतराव लेकीजवळ आले. मघाशी आपण फार बोललो, असं म्हणून त्यांनी आधी माफी मागितली. मग अडखळत म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, बाई. पण मुहूर्त हुकला. लोक म्हणतात, वेळच वाईट होती."

निशिगंधानं विस्कटलेले केस मागे सारले.

"वाईट काऊन, बाबा? अर्ध्या तासानंतरचा मुहूर्त असता, तं अंतरपाट सरकल्यावर मी कोणाच्या डोळ्यात पाह्यलं असतं?"