तिसरी प्रत

“सदतीस मिलिमीटर.” संगमेश्वरनं शेवटच्या बरगडीपाशी टेकवलेली पोलादी पट्टी काढून पुसली. “चरबीच चरबी. मांस कमी निघणार. तिसरी प्रत.”

उलटं टांगलेलं, कण्यातून दुभंगलेलं ते डुक्कर धुळाजीनं पाळलेलं. म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. “तिसरी कावून, साहेब? लई जीव लावून पोसलं हाय!”

मुंबईच्या हॉटेलांना निव्वळ मांस हवं होतं. जीव किती लावला ते पट्टीवर दिसत नाही. संगमेश्वरनं शिक्का मारला.

खुल्या आर्थिक धोरणाच्या वाऱ्यात मांजरसुंब्याच्या माळावर हा डुकराच्या मांसाचा कारखाना निघाला आणि तलवाड्याच्या लिंगायत वाण्याचा हा शिकलेला मुलगा तिथं प्रत ठरवायला लागला. त्याला दोन वर्षं झाली. त्यानं मांसाचा तुकडा कधी तोंडात घातला नाही, पण ऐकतो कोण? घरी गेला की आई, शिवम्मा, त्याचं ताट ओसरीवर वेगळं वाढायची. इथं घरमालकानं खोली सोडायला लावली. दुपारी वजनकाट्यामागं तो एकटाच डबा उघडायचा. एकटं जेवून जेवून तोंडाची चव जाते हो माणसाच्या! शेवटी त्यानं ठरवलं, आज कामगारांत जाऊन बसायचं. त्यांनीही दूर केलं, तर संध्याकाळच्या एसटीनं चालतं व्हायचं.

लिंबाखाली सातआठ जण जेवत होते. धुळाजीही त्यांच्यातच होता. आतडी धुणाऱ्या भिवराबाईनं मधोमध कालवणाचं पातेलं ठेवलं होतं.

“मी बसू का इथं?” संगमेश्वरनं विचारलं.

भिवराबाईनं झटकन पातेल्यावर झाकण घातलं आणि ते उचलून भिंतीपलीकडं नेलं. धुळाजीनं हातातला घास खाली ठेवला. एकेक जण उठला. भाकरी तशाच टाकून सगळे निघून गेले.

झालं! तिसऱ्या प्रतीचा राग, दुसरं काय! डबा न उघडताच संगमेश्वर फाटकाकडं वळला.

“ओ साहेब, कुठं निघालात?” हौदापाशी कोपरापर्यंत साबण चोळत धुळाजी ओरडला. “तुमी शाकाहारी माणूस, अन् आमचे हात मटणाच्या कालवणानं खरकटे. बसा की! हात धुऊन येतो, मंग संगंच जेवू.”