काचेवरचा लेप

वाटणीत दिरानं, रामेश्वरनं, माझ्या वाट्याचं रान दाबलं अन् करमाडला माझ्या घरासमोरच काचेचं शोरूम उभं केलं. त्या काचांवरून उसळलेलं ऊन दुपारभर माझ्या अंगणात पडायचं. माझी दोन करडं तडफडून मेली.

मी सांगायला गेले. आत गारेगार.

"वहिनी, काचेवर लेपच तसा हाय," रामेश्वर हसला. "ऊन आत घेतच नाय, आलं तसं बाहेर ढकलतो. त्याला मी काय करू?"

मी घरी आले. भंगारातून मोडक्या कपाटांचे आरसे आणले.

रामेश्वरचं घर माझ्या घराला लागूनच. सत्यमच्या, त्याच्या लेकाच्या, साखरपुड्याचं मला आवतन नव्हतं. वैजापूरचे पाहुणे भर दुपारी त्याच्या दारच्या मांडवात बसले, तसे मी आरसे कुंपणाला तिरके टेकवले. शोरूमचं ऊन थेट मांडवात घुसलं. नवरीकडं कुणाला बघवेना. व्याही ताटावरून उठले.

रामेश्वर पळतच आला. "वहिनी, काढा ते आरसे!"

"आरशालाबी मागून लेपच असतो, भाऊजी. त्याला मी काय करू?"

"आजच्या दिवस तरी..."

"रानाची वाटणी तुम्ही केली. उन्हाची मला करू द्या."