फणसाला बांधलेला कुत्रा

"काठ्या खाली टाका!" सुआर्दा कुंपणात आडवा उभा राहून ओरडला. "कुत्रा मारलात, तर माझ्या पोरीचं काय होणार ते कसं कळणार?"

वस्तीतले लोक कुरकुरत माघारी गेले. फणसाला साखळीने बांधलेला बेलांग त्यांच्यावर भुंकत राहिला. त्यानेच सुआर्दाच्या पोरीच्या, रेनिंगच्या गालाला चावा घेतला होता. रेबीजची लस सुरू झाली होती, पण गालापासून मेंदू कितीसा लांब? तिच्या आईचा, सुकेर्तीचा, जीव टांगणीला लागला होता.

जनावरांचे डॉक्टर रोज बेलांगला बघून जायचे.

"हा विषाणू मोठा चोखंदळ," ते म्हणाले. "कोंबड्या-बदकांच्या वाटेला जात नाही. आपल्यासारखे अंगावर केस असलेलेच त्याला लागतात. आणि रक्तातून नाही, चाव्याजवळची नस धरून हळूहळू मेंदूत चढतो, मग लाळेत उतरतो. लाळेत आला की कुत्रं दहा दिवसांत जातंच. हा जगला, तर पोरीला भीती नाही."

"मरणारं कुत्रं एवढा भात चापेल का?" सुकेर्तीने रिकामी थाळी दाखवली. डॉक्टर हसले.

सुआर्दा फणसाखाली ठाण मांडून बसला. झोप उडाली, जेवण सुटलं. वाऱ्याची झुळूक आली तरी तो खेकसायचा.

"ब्ली, जरा पडा," सुकेर्ती नवऱ्याला म्हणाली. "किती घोर लावून घ्याल? मागे बाजारात ते बेवारशी पिल्लू तुमच्या हाताला चावलंच होतं की. झालं का काही?"

"दुधाचे दात ते! त्याचं काय घेऊन बसलीस?" हात खाजवत तो उठला. "पोरीचं बघ."

दहावा दिवस उजाडला. बेलांग शेपूट हलवत डॉक्टरांच्या अंगावर उड्या मारू लागला.

"सोडा याला. ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "पोर वाचली तुमची!"

सुकेर्ती पोरीला कवटाळून रडली. इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं.

त्याच सकाळी फुलं-फळांचा नैवेद्य घेऊन तिघं देवळात गेली. प्रार्थना झाली. पुजारी एकेकाच्या ओंजळीत तीर्थ ओतू लागला. रेनिंगने मिटक्या मारत घेतलं, सुकेर्तीने डोळे मिटून घेतलं. सुआर्दाने ओंजळ ओठांशी नेली मात्र, त्याचा घसा करकचून आवळला, आणि हातातल्या घोटभर पाण्याकडे बघत तो किंचाळत मागे सरकला.