नवी कवळी

सासूबाईंच्या मते सून गेली पाच वर्षं दगडच शिजवत होती. भाजी निबर, भात टणक, आणि चूक अर्थातच सुनेची. शेवटी तीच लेकराला कडेवर घेऊन, त्यांना रिक्षात बसवून दातांच्या डॉक्टरकडे चार खेपा घालून आली. नवी कवळी बसली त्या दिवशी सासूबाईंनी भाजी दोनदा मागून घेतली. सून वाढता वाढता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आज तरी ‘छान झालंय’ म्हणतील?

हात धुऊन सासूबाईंनी लेकीला फोन लावला.

“अगं, काय कवळी केलीय म्हणून सांगू! तुझ्या वहिनीचा स्वयंपाकसुद्धा रुचकर लागला. त्या डॉक्टरच्या हाताला चवच आहे बाई!”