हाकेच्या अंतरावर

“आता तेच वाक्य शिडीसाठी घ्या, ताई. आणि ‘पाळणाघर’ म्हणताना जरा हसा.”

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याने अंगठा वर केला. तिने कोमट पाण्याचा घोट घेतला आणि मायक्रोफोनसमोर हसून म्हटलं, “कामावर जाणाऱ्या प्रत्येक आईसाठी, घरापासून हाकेच्या अंतरावर पाळणाघर! आपली निशाणी, शिडी!”

सकाळी हेच ती किटलीसाठी बोलली होती. किटलीवाल्यांनी आधी रस्ते दिले होते आणि मग पाळणाघर, शिडीवाल्यांनी आधी पाळणाघर आणि मग रस्ते. बाकी मजकुरात काडीचा फरक नव्हता.

“दोघांनाही एकच आवाज कसा चालतो हो?” तिने एकदा विचारलं होतं.

“त्यांना कुठं ऐकायचंय, ताई? त्यांना ऐकवायचंय.”

खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या. घरघर नको म्हणून पंखा बंद, खरखर नको म्हणून फोन बंद. नवरा नोकरीपायी परगावी, आणि छोटी लेक ठमी इथून मागच्या गल्लीत, शेजारच्या काकूंकडे. काकूंचे गुडघे गेलेले. “मतदानापर्यंत सांभाळते बाई. पुढचं तुझं तू बघ,” असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

सुरुवातीला ठमी त्यांच्याकडे तोंडच उघडत नव्हती. मग काकूंनी युक्ती काढली. खालून प्रचाराची रिक्षा निघाली की त्या तिला खिडकीत उभं करायच्या. “बघ, आई आली! आईला आ करून दाखव.” ठमी भोंग्याकडे बघत आ करायची आणि घास आत जायचा. काकूंनी हे हसत हसत सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आपण नसलो तरी आपलं काहीतरी घरी आहे, असं.

“आवाज पार बसला की तुमचा,” रेकॉर्डिंगवाला वायर गुंडाळत म्हणाला. “आता घरी जा आणि गप्प बसा. तुमच्या वतीनं गाड्या बोलतील.”

ती हसली आणि तिने फोन सुरू केला. तो लगेच वाजला.

“अगं, होतीस कुठं तू?” काकू धापा टाकत होत्या. “दार नुसतं लोटलेलं होतं. मी पाण्याला आत वळले, तेवढ्यात खालून गाडी गेली आणि गाडीमागं पोर गेली! मला जिना उतरवत नाही गं. वरून हाका मारतेय कधीची.”

“कुठल्या गाडीमागं?” तिने विचारलं.

“तुझ्याच! तुझ्या आवाजाच्या!”

“अहो, पण किटली की शिडी?”

“मला काय ठाऊक? तेच तर बोलत होती. रस्ते नि पाळणाघर!”

ती चपला हातात घेऊन जिना उतरली. रस्त्यावर येऊन उभी राहिली. उजवीकडून तिचा आवाज येत होता. डावीकडूनही येत होता. दोन्हीकडे ती हसून पाळणाघर देत होती.

ती उजवीकडे धावली.

कोपऱ्यावर किटलीची रिक्षा उभी होती. ड्रायव्हर मांडीवर डबा उघडून जेवत होता आणि टपावरचा भोंगा चालूच होता. आसपास पोर नव्हतं.

“लहान मुलगी पाहिलीत का? पिवळा फ्रॉक...”

“काय?” त्याने कानाला हात लावला. “मोठ्यानं बोला, बाई! या भोंग्यापुढं काही ऐकू येत नाही.”

तिने जोर लावला. घशातून नुसती हवा आली. डोक्यावर तिचाच आवाज सांगत होता की आता कुठल्याही आईला काळजी नको. ती मागे वळली आणि आल्या वाटेने उलटी धावत सुटली. माणसं बाजूला होत होती, वळून बघत होती. एकानेही काय झालं म्हणून विचारलं नाही. तीही कुणाला सांगू शकली नसती.

शिडीची रिक्षा सायकलच्या दुकानापुढे थांबली होती. चाक पंक्चर झालं होतं. ड्रायव्हर उकिडवा बसून ते काढत होता, आणि त्याच्या शेजारी, चालू भोंग्याच्या बरोबर खाली, ठमी उभी होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. मान वर, तोंड उघडं.

“तुमची का हो ही?” ड्रायव्हर म्हणाला. “कधीची अशी आ करून उभी आहे. भूक लागली असेल.”

तिने ठमीला उचललं, छातीशी घट्ट धरलं. तोंड तिच्या केसांत खुपसलं. “ठमे,” ती म्हणाली, “मी आलेय गं. इकडे बघ. मी आले.”

ठमीने तो खरखरीत आवाज ऐकला. मान वर ठेवूनच तिने आपला इवलासा तळवा तिच्या ओठांवर दाबला.

“श्श! आई बोलतेय.”