कुणी लिहून दिला?

"एका परिच्छेदात एकच मुद्दा!" नववीला इंग्रजी निबंध शिकवताना ओरडून ओरडून मॅडमचा घसा बसला होता. शाळेची वार्षिक तपासणी तोंडावर आली म्हणून त्या वह्या घेऊन बसल्या. शेवटच्या बाकावरच्या मुलीचा निबंध सुरुवातीपासून समारोपापर्यंत इतका नेटका होता, की त्यांचं डोकंच फिरलं.

"कुणी लिहून दिला? बस इथे, माझ्यासमोर दुसरा लिही!"

मुलीने दात-ओठ खात लिहिला. तो पहिल्यापेक्षाही सरस उतरला. मॅडम मनातून वरमल्या, पण आवाज चढाच राहिला.

"एवढं येतं, तर वर्षभर काय झोपा काढत होतीस?"

मुलीने त्यांच्या हातातली वही खसकन ओढून घेतली.



"वर्षभर असेच लिहिलेत, मॅडम. तुम्ही न वाचताच सह्या केल्यात!"