पहिलीच सहल

"मेलेल्या माणसाची जागा राखून ठेवता, लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" हर्षाली फोनवर कडाडली. नंदनपुरी रिसॉर्टमध्ये तिने दोनच जागा मागितल्या होत्या, एक स्वतःला आणि एक लेकीला. फोनवरच्या रिसॉर्टच्या मुलीने तिसरीही पक्की केली होती, गेल्या वर्षी वारलेल्या दिगंबरची, हर्षालीच्या नवऱ्याची.

"आई, त्यांना सांग, आपण पहिल्यांदाच चाललोय," रेवा बॅग भरता भरता म्हणाली. "बाबांनी कुठं नेलंय आपल्याला?"

हेच हर्षाली वर्षभर साऱ्या आळीला ऐकवत होती. गेला, पण बायकोलेकीला एकदासुद्धा कुठं नेलं नाही त्या माणसाने.

"मॅडम, तुम्ही तिघं इथे येऊन गेला आहात," फोनवरची मुलगी म्हणाली. "निघताना आम्ही सगळ्यांच्या डोक्यातून सहल पुसतो, म्हणजे पुढचीही पहिलीच वाटते. पुन्हा येणार असं साहेबच गेटवर बोलले होते, आमच्या यंत्राने ते नोंदवून जागा धरली. ऐका."

फोनमधून दिगंबरचा आवाज आला, "बरंय, येतो हं!"

हर्षाली म्हणाली, "अगं बये, निघताना कुणी 'जातो' म्हणतं का? 'येतो'च म्हणतात. तुमच्या यंत्राला एवढंही कळेना?"

"मग साहेबांची जागा रद्द करू?"

"चुलीत घाल ती जागा! वर्षभर त्या माणसाला शिव्या घातल्या मी. तो सहलीचा दिवस तुमच्यापाशी जपलेला आहे ना? मग सांग, त्या दिवशी आम्ही तिघं हसलो होतो का? सांग ना, हसलो होतो का?"